वहीवर दोघांची नजर

नव्या शिक्षकाला आधार द्यायचा म्हणजे नेमके काय करायचे? मला पटलेले उत्तर अगदी साधे आहे. अनुभवी शिक्षकाने त्याच्या वर्गात जाऊन बसावे, आणि त्याला न्याहाळत बसण्याऐवजी त्याच्यासोबत मुलांना न्याहाळावे. गोष्ट एवढीशीच, पण तिच्या पोटात बरेच काही आहे. ते सावकाश उलगडून पाहू.

आधी शिक्षकाच्या कामाचे वेगळेपण ध्यानात घ्यावे लागते. एमबीबीएस झालेला डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली इंटर्नशिप करतो. नवा वकील कुणाचा तरी ज्युनिअर म्हणून कोर्टात उभा राहायला शिकतो. शिक्षकाला मात्र रुजू झाल्या दिवशीच अख्खा वर्ग मिळतो, आणि निवृत्तीला टेकलेल्या सहकाऱ्यावर असते तेवढीच जबाबदारी त्याच्यावर येते. बी.एड. आता दोन वर्षांचे आहे, त्यात वीस आठवड्यांची आंतरवासिताही आहे. पण तिथला वर्ग दुसऱ्याचा असतो. पाठ संपला की आपण मोकळे. स्वतःच्या वर्गात पाठ संपतो आणि न समजलेले मूल तसेच समोर उरते. खरे शिकणे तिथून पुढे सुरू व्हायचे असते, आणि नेमके तेव्हाच सोबत कुणी नसते.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ साली शाळाशिक्षकांवरच्या आपल्या पुस्तकात एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. शिक्षक होण्याआधी माणसाने हजारो तास बाकावर बसून शिक्षक पाहिलेले असतात. त्यामुळे हे काम आपल्याला ठाऊक आहे असे त्याला वाटते. पण विद्यार्थ्याला दिसते ते फक्त शिक्षकाचे बोलणे, लिहिणे, रागावणे. हाच प्रश्न का विचारला, याच मुलाला का उठवले, आज पुढे न जाता उजळणी का घेतली, हा विचार त्याला कधीच दिसत नाही. म्हणून वर्ग हाताबाहेर जाऊ लागला की नव्या शिक्षकाच्या तोंडून आपल्याच जुन्या गुरुजींची वाक्ये निघतात. त्याने पाहिलेले तेवढेच असते. जे कधी दिसलेच नाही, ते कुणीतरी आता दाखवायला हवे.

ते दाखवायचे कसे, यासाठी दुसरीच्या वर्गातले एक उदाहरण घेऊ. वहीत गणित आहे ४२ वजा १७, आणि मुलाने उत्तर लिहिले आहे ३५. नवा शिक्षक लाल पेनाने फुली मारतो. मागे बसलेल्या अनुभवी बाईंना मधल्या सुट्टीत तो म्हणतो, "मॅडम, हातच्याची वजाबाकी कितीदा घेतली, पण याचं लक्षच नसतं." इथे बाईंपुढे दोन वाटा आहेत. काड्यांचे गठ्ठे वापरा, फळ्यावर दशक-एककाचे रकाने आखा, असा सल्ला देऊन त्या मोकळ्या होऊ शकतात. सल्ला बरोबरच आहे. पण त्या म्हणतात, "सर, यानं हे कसं केलं, त्यालाच विचारू या का?" मूल सांगते, "सातातनं दोन गेले, पाच. चारातनं एक गेला, तीन." म्हणजे लक्ष होते. मोठ्यातून लहान वजा करायचे, हा नियम त्याने पक्का धरला होता आणि प्रत्येक रकान्यात इमानाने पाळला होता. बेचाळीस ही एक सबंध संख्या आहे, एवढेच त्याला उमगले नव्हते.

आता शिक्षक आपणहून बाकीच्या वह्या उघडतो. आणखी काही वह्यांत तीच चूक, त्याच रीतीने. मघापर्यंत जो आळस वाटत होता, त्यात आता मुलाचा विचार दिसू लागतो. उद्या काड्या आणायच्याच आहेत, पण का आणायच्या हे त्याला कळले आहे. दहा-दहाचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मुलाच्या हातात द्यायच्या, त्यातून सतरा काढून मागायच्या, आणि गठ्ठा सोडण्याची गरज त्याची त्याला भासू द्यायची. बाईंनी नुसता सल्ला दिला असता तर तो या एका गणितापुरता उरला असता. 'कसं केलंस ते सांग' हा प्रश्न मात्र त्याच्या हाती कायमचा आला. तो भाषेच्या तासाला चालतो, पुढच्या वर्षीच्या वर्गालाही चालतो.

आणखी एक गोष्ट इथे घडते. नजर वहीवर असली की शिक्षकाला आपली परीक्षा चालली आहे असे वाटत नाही. 'तुमचं काय चुकलं' हा विषय निघत नाही, 'याला काय वाटलं असेल' हा निघतो. त्यावर दोघे बरोबरीने बोलू शकतात. एकाकडे अनुभव आहे, तर दुसरा त्या मुलाला रोज पाहतो. अनुभवी बाईंनाही मुलाच्या डोक्यातली एखादी नवीच वाट सापडू शकते.

म्हणूनच साथ आणि मूल्यमापन एकाच माणसाच्या हाती देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. महाराष्ट्रात सन २००० पासून नवा शिक्षक 'शिक्षण सेवक' म्हणून तीन वर्षे मानधनावर काम करतो. प्राथमिकचे हे मानधन दीर्घकाळ ६,००० रुपये होते, २०२३ मध्ये ते १६,००० झाले. या तीन वर्षांत नियमित होऊ की नाही याची टांगती तलवार असते. वर्गात येणारा प्रत्येक जण आपल्याविषयी कुठेतरी मत नोंदवणार, ही धास्ती असते. अशा वेळी कोणीही शहाणा माणूस आपला घोटवलेला पाठ घेईल, हुशार मुलालाच उभे करील आणि ती ३५ उत्तराची वही झाकून ठेवील. जी वही उघडायला हवी, तीच भीतीपोटी मिटलेली राहते.

इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२१ पासून नव्या शिक्षकासाठी दोन वर्षांची जी व्यवस्था लागू झाली, तिने ही दोन कामे मुद्दाम वेगळी केली. मार्गदर्शक एक, प्रगती तपासणारा दुसरा. शिवाय पहिल्या वर्षी दहा टक्के आणि दुसऱ्या वर्षी पाच टक्के अध्यापनाचा वेळ नव्या शिक्षकाला मोकळा दिला जातो. जपानमध्ये तर अनुभवी शिक्षकही एकत्र बसून पाठ आखतात, एक जण तो घेतो, बाकीचे मुले काय करतात ते टिपतात आणि मग चर्चा करतात.

सोबतीने मुलांकडे पाहण्याची ही दृष्टी आपल्याकडे परकी नाही. १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. तोवर अनुताई शिक्षिका म्हणून मुरलेल्या होत्या, तरी बालशिक्षणाचे हे नवे काम त्या ताराबाईंच्या बरोबरीने राबत शिकल्या. मुले शाळेत येत नाहीत, तर ती असतात कुठे, हे या दोघींनी पाहिले. त्यातून शाळा अंगणात गेली आणि अंगणवाडी झाली. गुरे राखणाऱ्या मुलांमागे ती कुरणात गेली आणि कुरणशाळा झाली.

आज अडचणी खऱ्या आहेत. एकशिक्षकी शाळेत पहिली ते चौथीचे बहुवर्ग अध्यापन करणाऱ्याला विचारायला शेजारी कोण? दुसऱ्या जिल्ह्यातून धडगाव-अक्कलकुव्याला किंवा मेळघाटात नेमणूक झालेल्याला मुलांची पावरी, भिली वा कोरकू कळत नाही, आणि मुलाचे गप्प बसणे त्याला उत्तर न येण्यासारखे दिसते. तिथे गावातली अंगणवाडीताईसुद्धा त्याची मार्गदर्शक होऊ शकते, कारण ते मूल तिला कळते. शाळांच्या एका गटावर नेमलेल्या केंद्रप्रमुखांचे पद त्या शाळांना शैक्षणिक आधार देण्यासाठीच आहे, पण त्यांचे दिवस माहिती गोळा करून वर पाठवण्यात जातात. अशा केंद्रातल्या शिक्षकांची शिक्षण परिषद होते, तिथे परिपत्रके वाचली जातात. त्याच परिषदेत प्रत्येक नव्या शिक्षकाने न समजलेली एक वही आणली आणि सर्वांनी तासभर तिच्यावर डोके चालवले, तर त्यासाठी वेगळा निधी लागणार नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० शिक्षकांसाठी वर्षाला किमान पन्नास तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवते. हे सगळे तास सभागृहात किंवा मोबाइलवरच्या व्हिडिओपुढे घालवू नयेत. निदान नव्या शिक्षकाचे तरी निम्मे तास त्याच्याच वर्गात, एका अनुभवी सहकाऱ्याबरोबर जावेत. त्या सहकाऱ्याला त्यासाठी आपल्या वर्गातून रीतसर मोकळीक मिळावी, आणि तिथे झालेले बोलणे कोणत्याही अहवालात जाऊ नये. शिक्षण सेवकाची तीन वर्षे शासनाने ठरवलेलीच आहेत. आज ती कमी पगाराची वर्षे म्हणून ओळखली जातात. ती सोबतीने शिकण्याची वर्षे झाली, तर त्याचा पहिला लाभ वजाबाकी अडलेल्या त्या मुलाला मिळेल, आणि त्याच्यासाठीच तर हा सारा खटाटोप आहे.