बल्खचा बटवा

आजीचा बटवा आठवा. सुंठ, ओवा, जायफळ, हळकुंड. घरात सगळे धडधाकट असतानाच तो भरलेला असायचा. ओव्याचा वास येऊ द्या नाकाशी. घाई नाही.

अकराशे वर्षांपूर्वी, आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्खचा अबू झैद अल्-बल्खी (मृत्यू ९३४) अशाच बटव्याबद्दल लिहून गेला. अवचित दुखण्यासाठी घरात औषध ठेवतो, तसे धीराचे विचार मन शांत असताना साठवावेत. दुःखाचे त्याने दोन प्रकार केले : कारण ठाऊक असलेलं आणि कारण सापडतच नाही असं.

इथे थांबा. आपलं आजचं दुःख यांतलं कुठलं? कारण सापडलं नाही, तर शोधू नका. नुसतं शेजारी बसा.

आता अमेरिकेतल्या एका मशिदीतला नळ डोळ्यांसमोर आणा. एक तरुण नमाजाआधीचा वजू करतोय, हातपाय-तोंड धुतोय. हात धुतले, पुन्हा धुतले, तरी शंका जात नाही. आपल्याकडे याला मंत्रचळ म्हणतात. त्याला मात्र वाटतं, माझी श्रद्धाच कच्ची. (नामस्मरण कर, बरं वाटेल, असं मीही कुणाला तरी सहज सांगून मोकळा झालोय.) स्टॅनफर्डच्या मनोविकारतज्ज्ञ रानिया अवाद आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१५मध्ये दाखवलं, की बल्खीने केलेलं या आजाराचं वर्णन आजच्या निदानाशी चांगलंच जुळतं. म्हणजे त्या तरुणाच्याच परंपरेत त्याच्या त्रासाला आजार म्हणणारं कोणीतरी होतं. हे त्याला कुणी सांगितलं असेल का?

अवाद यांच्याच गटाने २०२१मध्ये एक आकडा छापला. पाहणीतल्या ७.९ टक्के अमेरिकी मुसलमानांनी आयुष्यात कधीतरी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं सांगितलं. प्रोटेस्टंटांत ते प्रमाण ५.१ होतं. आकडा लगेच मागे सारू नका. एक श्वास घ्या. सावकाश सोडा.

मनाच्या दुखण्यावर बल्खी दोन उपाय सांगतो. एक आतला, आपणच साठवलेला विचार. दुसरा बाहेरचा, दुसऱ्याने दिलेला धीर. पोट फारच दुखलं की आजी बटवा मिटून म्हणायची, आता डॉक्टरकडे चल. आणि आपणच चप्पल घालून पुढे निघायची.

नळाचं पाणी अजून वाहतंय. त्या मुलाच्या शेजारच्या नळाशी उभे राहा. त्याचे हात धुऊन होईपर्यंत.