ऋतुकाल आणि रजेचा अर्ज

मनुष्याच्या आयुष्यातील काही प्रश्न चारचौघांत उच्चारले जात नाहीत, आणि उच्चारले जात नाहीत म्हणून ते नाहीतच अशी समजूत करून घेणे सर्वांनाच सोयीचे पडते. अपत्याची वाट पाहणाऱ्या दांपत्याने महिन्याचे दिवस मोजावेत की नाही, हा त्यांपैकीच एक. आमच्यापुढे मात्र तो अगदी आडपडदा न ठेवता आला. हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासात एका रविवारी चहा घेत असता सरकारी सेवेतील एक तरुण स्नेही आम्हांस बाजूला घेऊन म्हणाले, "काका, महिन्यातले पंधरा दिवस मी सिलिगुडी नाही तर मालदा, असा फिरतीवर असतो. लग्नाला चार वर्षे झाली. घरी भिंतीवर कालनिर्णय आहे. त्यावर हिने पेन्सिलीने ठिपके मांडले आहेत. आता ठिपक्यांप्रमाणे दौरा आखावा की दौऱ्याप्रमाणे ठिपके? आणि असे आखूनरेखून जे व्हायचे त्याला प्रेम म्हणायचे की कार्यक्रमपत्रिका?"

हा विषय आमच्या वयाच्या माणसाशी बोलण्याचे धैर्य त्यांनी दाखविले, तेव्हा उत्तर टाळणे आम्हांस भित्रेपणाचे वाटले. पुढे जे लिहितो आहोत ते त्या उत्तराचेच वाढलेले रूप होय.

दौरा आणि ऋतू यांचा हा विरोध काही आजचा नव्हे. महाभारताच्या आदिपर्वात उपरिचर वसू राजाची कथा आहे. राणी गिरिका ऋतुस्नात झाली आणि नेमक्या त्याच दिवशी पितरांनी राजास मृगयेस जाण्याची आज्ञा केली. वरिष्ठांची आज्ञा, मोडणार कशी? राजा अरण्यात गेला, पण चित्त घरीच राहिले. अखेर त्याने आपले तेज एका ससाण्याच्या स्वाधीन करून राणीकडे धाडले. वाटेत दुसऱ्या ससाण्याने झडप घातली आणि ते यमुनेच्या पाण्यात पडले. त्यातून पुढे मत्स्यगंधा सत्यवती जन्मली आणि केवढे भारत घडले, हे सर्वश्रुत आहे. गिरिकेने त्या दिवशी किती वेळ वाट पाहिली असेल, हा विचार मात्र कथा सांगणाऱ्याला वा ऐकणाऱ्याला फारसा शिवलेला दिसत नाही.

आपल्या पूर्वजांना मोजण्याचा संकोच नव्हता, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात रजोदर्शनापासून सोळा रात्रींचा ऋतुकाल सांगितला आहे. त्यांतील पहिल्या चार, अकरावी आणि तेरावी वर्ज्य, उरल्या दहा. त्या काळात पत्नीकडे जाणे हे पतीचे कर्तव्य मानले गेले. सम रात्री पुत्र आणि विषम रात्री कन्या हा पुढचा हिशेब शास्त्राच्या कसोटीला उतरत नाही, तो येथेच सोडून देऊ. पण कर्तव्य म्हटले की प्रीती आटते, ही कल्पना त्या लोकांच्या डोक्यात नव्हती. ती आम्ही बहुधा कादंबऱ्यांतून उचलली असावी.

त्यांची चूक होती ती निराळीच. ते पुढून मोजत. निसर्ग हे गणित मागून मांडतो. जपानमधील निइगाता येथील डॉक्टर क्यूसाकु ओगिनो यांनी 1924 साली आणि ऑस्ट्रियातील हेर्मान क्नाउस यांनी स्वतंत्रपणे त्यानंतर थोड्याच वर्षांत दाखवून दिले की, स्त्रीबीज बाहेर पडण्याचा दिवस मागच्या पाळीशी नव्हे, तर पुढच्या पाळीशी बांधलेला असतो. पुढची पाळी येण्याच्या सुमारे चौदा दिवस आधी तो येतो. अठ्ठावीस दिवसांचे चक्र असेल तर तो चौदावा दिवस, बत्तीस दिवसांचे असेल तर अठरावा. म्हणजे चक्र लांबले की पूर्वार्ध लांबतो. उत्तरार्ध बहुतांशी तेवढाच राहतो. बत्तीस दिवसांचे चक्र असलेली स्त्री मनूच्या सोळा रात्री काटेकोर पाळूनही नेमका दिवस गमावील.

पण खरी मौज, किंवा खरे दुःख, याच्या पुढे आहे. पुढची पाळी केव्हा येईल हे ती आल्यावाचून ठाऊक होत नाही. मागून मोजायचा दिवस पुढून सांगायचा, म्हणजे तो अंदाजच राहणार. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी शरीराचे तापमान पाहण्याची पद्धत आहे. बीज सुटल्यानंतर ते अर्ध्या अंशाच्या आतबाहेर वाढते आणि वाढलेले राहते. म्हणजे तापमापकाची ही सूचना गाडी हावड्याहून सुटल्यावर वाजणाऱ्या घंटेसारखी आहे! चार-सहा महिने तक्ता ठेवला तर पुढच्या महिन्याचा अदमास बांधण्यास ती उपयोगी, एवढेच. स्रावाच्या पोतावरून अधिक लवकर कळते. तो पातळ, निसरडा, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा होऊ लागला की दिवस जवळ आले. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या पट्ट्या मूत्रातील एका संप्रेरकाची उसळी दाखवितात. तीनंतर साधारण दीड दिवसाच्या आत बीज सुटते. अंडाशयाच्या काही विकारांत त्या पट्ट्याही फसवितात.

या सगळ्यांत सर्वांत दिलासा देणारी गोष्ट आमच्या मते अमेरिकेतील ॲलन विल्कॉक्स यांच्या संशोधनात आहे. सव्वादोनशेच्या आसपास स्त्रियांच्या रोजच्या नोंदी तपासून त्यांनी 1995 साली दाखविले की, गर्भधारणा संभवते ती एकूण सहा दिवसांत: बीज सुटण्याचा दिवस आणि त्याच्या आधीचे पाच. बीज सुटल्यावर ते जेमतेम एक दिवस टिकते. पुरुषबीज मात्र पाच दिवसांपर्यंत तग धरू शकते. म्हणजे वाट पाहण्याचे काम निसर्गाने पुरुषाकडे दिले आहे. समाजाने ते उलटवून स्त्रीकडे दिले. पाच वर्षांनी त्यांनी आणखी एक गोष्ट पुढे मांडली. हे सहाही दिवस दहाव्या ते सतराव्या दिवसांच्या ठरावीक चौकटीत सापडतात असे फक्त सुमारे तीस टक्के स्त्रियांच्या बाबतीत घडते. पाळी नियमित असणाऱ्यांचीही चौकट सरकते.

आमच्या स्नेह्यांस आम्ही एवढे सांगताच त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "म्हणजे ठिपके निरुपयोगीच?" येथे आम्हां नोकरी करणाऱ्यांच्या बुद्धीचा एक दोष दिसून येतो. आम्हांस आदेश कळतो, संभाव्यता कळत नाही. तारीख दिली की ती पाळली गेली पाहिजे, आणि पाळूनही काम झाले नाही तर कुणाकडून तरी खुलासा मागविला पाहिजे! वास्तविक दिवस अचूक साधला तरी एखाद्या महिन्यात गर्भ राहण्याचा संभव फार तर तिनात एक. न राहणे हाच बहुतेक महिन्यांचा नियम. आणि तरीही वर्षभरात बहुसंख्य जोडप्यांच्या घरी वार्ता येते. त्या सहा दिवसांच्या सुमारास एक दिवसाआड एकत्र असले तरी पुष्कळ झाले, घड्याळ लावून बसण्याचे कारण नाही. अंदाज हा अंदाज म्हणून वापरला तर सेवक आहे. आज्ञा म्हणून वापरला की महिन्याच्या अखेरीस तो घरात एक आरोपी उभा करतो. आणि तो आरोपी कोण, हे विचारावयास नको. वर्षभर यश न आल्यास (स्त्रीचे वय पस्तिशीच्या पुढे असल्यास सहा महिन्यांनंतरच) दोघांनीही तपासणी करून घ्यावी असे वैद्यक सांगते, कारण जवळजवळ निम्म्या प्रकरणांत कारणाचा काही वाटा पुरुषाकडे असतो. आमच्या घरांत मात्र पत्नीच्या पाच तपासण्या झाल्यावर पतीच्या एकीचा विषय निघतो, आणि निघाला की त्यांना नेमका दौरा लागतो.

हे वाक्य आम्ही त्यांच्या तोंडावर बोललो. ते बराच वेळ कपात पाहत राहिले.

दिवस मोजण्याच्या या विद्येची सरकारशी गाठ एकदा पडलेली आहे, तीही उलट्या हेतूने. 1952 साली केंद्रीय आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्या काळात म्हैसूरकडील रामनगरम् येथे आणि दिल्लीच्या लोदी कॉलनीत, म्हणजे सरकारी नोकरांच्याच वसाहतीत, स्त्रियांना रंगीत मण्यांच्या माळा देण्यात आल्या. रोज एक मणी सरकवायचा. हिरवा असेल तर निर्धास्त, लाल असेल तर दूर राहावे. अमेरिकेचे डॉ. अब्राहम स्टोन यांची ही कल्पना. प्रयोग फारसा यशस्वी झाला नाही, आणि त्याचे आम्हांस नवल वाटत नाही. माळ स्त्रीच्या गळ्यात होती. निर्णय तिच्या एकटीच्या हाती कधी होता? ओगिनो स्वतः, गंमत अशी की, आपला शोध मूल नको असणाऱ्यांनी वापरावा याच्या विरुद्ध होते. मूल हवे असणाऱ्यांसाठी तो आहे, असे त्यांचे मत होते.

ज्या शहरात आम्ही हे लिहितो आहोत, त्या शहराने या एका क्षणाच्या अंदाजाशी फार मोठी झुंज पाहिली आहे. इंग्लंडमध्ये 25 जुलै 1978 रोजी पहिली परीक्षानलिकेतील बालिका जन्मली. तेथील डॉक्टर निसर्गाचा क्षण पकडण्यासाठी दर तीन तासांनी मूत्र तपासत आणि संप्रेरकाची उसळी दिसली की मध्यरात्रीही शस्त्रक्रियेस उभे राहत. कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी दुसरी वाट काढली. क्षणाच्या मागे धावण्याऐवजी त्यांनी संप्रेरके देऊन बीजे पक्व करविली, गर्भ तयार करून तो 53 दिवस गोठवून ठेवला, आणि पुढील एका स्वाभाविक चक्रात, शरीर शांत असताना, मातेच्या उदरात ठेवला. 3 ऑक्टोबर 1978 रोजी, दुर्गापूजेच्या तोंडावर, मुलगी जन्मली. तिचे नावही दुर्गाच पडले. पहिलीनंतर अवघे 70 दिवस!

पुढची कथा आम्हां अधिकाऱ्यांनी मान खाली घालून वाचावी अशी आहे. राज्य सरकारने समिती नेमली. समितीने दावा खोटा ठरविला. जपानला जाण्याची परवानगी नाकारली गेली. आणि 1981 साली प्रजननविज्ञानाच्या या अभ्यासकाची बदली नेत्रविज्ञानाच्या संस्थेत झाली. 19 जून 1981 रोजी त्यांनी आपल्या राहत्या घरी आत्महत्या केली. मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात 6 ऑगस्ट 1986 रोजी जन्मलेल्या मुलीमागे ज्यांचे विज्ञान होते, त्या डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनी मुखोपाध्यायांची टिपणे वाचली आणि 1997 साली, भारतातील पहिलेपणाचा मान आपला नसून त्यांचा आहे, हे जाहीरपणे लिहिले. एवढ्या मनाचा माणूस समितीवर एकही नसावा, हे त्या शहराचे दुर्दैव.

बदलीचा तो कागद कुणीतरी टंकलिखित केला असेल, कुणीतरी त्यावर आद्याक्षरे घातली असतील. प्रशासकीय सोय, हे त्याचे कारण. त्याच दोन शब्दांनी आमच्याही बदल्या झाल्या आहेत आणि आम्हीही इतरांच्या केल्या आहेत. त्या कागदामागच्या घरात कुणाचे ठिपके मोडतात, हे पाहण्याची आम्हांस सवय नाही.

तर मग मोजावे की नाही? आमचे मत असे की, मोजण्याने प्रेम हीन होत नाही. ज्या मोजण्यात एकच मोजतो आणि दुसऱ्याला फक्त बोलावणे येते, त्यात ते झिजते. सासूचा पुण्याहून फोन येतो आणि ठिपक्यांचा ताळेबंद मागितला जातो, तेव्हाही झिजते. ठिपके त्या दोघांचे, घराण्याचे नव्हेत. आणि एखाद्या महिन्यात दोघांनी मिळून कॅलेंडर भिंतीकडे तोंड करून टांगले, तर त्यातही शास्त्राचा काही अवमान होत नाही.

काही आठवड्यांनी ते पुन्हा भेटले. तपासणी करून आले होते. अहवाल काय आला ते त्यांनी सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. जलपैगुडीचा दौरा आठ दिवस पुढे ढकलावा असा अर्ज ते लिहीत होते. ठिपके आता तेही मांडतात, त्यांचे निळ्या शाईचे असतात, असे ओघात म्हणाले. नमुन्यात कारणाचा रकाना होता.

"काय लिहू? पोटदुखी लिहिली तर खोटे होईल. खरे लिहिले तर साऱ्या कार्यालयात वाचले जाईल."

आम्ही घरगुती कारण असे सुचविले. त्यांनी ते लिहिले, खोडले, आणि पुन्हा तेच लिहिले.