दळण आणि ओवी

दुःख कोणाला चुकले नाही, हे आपण सगळेच जाणतो. पण ते वाट्याला आले असताना त्यातच बसून काही सुंदर निर्माण करावे असे माणसाला का वाटते, आणि तसे करताना त्याच्या हातून नेमके काय घडते, याचा विचार करू लागले की मला ओवीपाशी येऊन थांबावे लागते. चालुक्य राजा सोमेश्वर याने 12व्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे; म्हणजे मराठी ग्रंथांच्या पानांवर येण्याआधीच ओवी कष्टांच्या सोबतीला बसलेली होती.

ती जिथे नांदली ते ठिकाण जवळून पाहावे. पहाटेचा अंधार, एक पाय पसरून आणि दुसरा मुडपून जात्याशी बसलेली बाई, एका हातात खुंटा, दुसऱ्या हाताने मूठमूठ दाणे जात्याच्या तोंडात वैरायचे, खांदा भरून आला तरी घरातल्या सगळ्यांच्या भाकरीपुरते पीठ पडेपर्यंत उठायचे नाही. हे दळण तिने मागितलेले नसते, बहुधा ते सासरही तिने निवडलेले नसते. ओवी मात्र कोणी तिच्यावर लादलेली नसते, कारण ओवी न गाताही पीठ पडतेच. साऱ्या दिवसात तिच्या इच्छेची म्हणावी अशी एवढीच जागा, आणि तेवढ्या जागेत ती सौंदर्य मांडते.

या ओवीत दुःख झाकलेले नसते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून 1 लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत विठ्ठल आहे, माहेर आहे, भाऊराया आहे, तसाच सासुरवासही उघड आहे आणि सीतेचा वनवास तर पुन्हापुन्हा आहे. स्वतःचे बोलता बोलता ती बाई सीतेचे बोलू लागते, तेव्हा तिचे एकटेपण सरते, कारण आपल्या आधी कोणीतरी हीच वाट चालून गेले आहे याची खूण तिला पटते.

आणखी खोल गेलो की ओवीचे माप लक्षात येते. रडण्याला माप नसते, ओवीला असते; जात्याच्या फेऱ्याबरोबर तिचे शब्द फिरतात, यमकाशी येऊन थांबतात, श्वास घेतला जातो आणि मगच पुढची ओवी सुरू होते. दुःख तेवढेच राहते, पण ते एका वेळी एका श्वासाएवढे उचलायचे असते, आणि एवढे उचलणे माणसाला साधते.

जनाबाईची कथा इथे नव्याने उलगडते. नामदेवांच्या घरची ही दासी दळायला बसली की विठ्ठल येऊन तिच्याबरोबर दळू लागतो, असे परंपरा सांगते. देवाने तिचे जाते अदृश्य केले असे ती कथा सांगत नाही. तो समोर बसला आणि त्याने खुंट्याला हात लावला, एवढेच सांगते. जिथे ओवी आहे तिथे देवाला यावेसे वाटते आणि आल्यावर तो काम वाटून घेतो, हा त्या कथेचा गाभा मला वाटतो.

हीच ओवी ज्ञानदेवांनी हाती घेतली. संन्याशाची पोरे म्हणून समाजाने दूर लोटलेले, आईवडिलांच्या देहान्त प्रायश्चित्ताची आठवण वागवणारे ते तरुण. पण शके 1212 मध्ये नेवाशाला त्यांच्या मुखातून सुमारे 9 हजार ओव्यांची ज्ञानेश्वरी प्रकटली, आणि शेवटी पसायदान मागताना त्यांनी दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांचा वाकडेपणा सरावा आणि जीवाजीवांत मैत्र व्हावे, असे मागितले. ज्यांनी दुःख दिले त्यांनाही आपल्या निर्मितीत जागा देणे, ही ओवीची परमावधी.

साधकहो, यावरून दुःखच पूज्य आहे असे मात्र समजू नये. गावोगाव पिठाची गिरणी आली आणि बायांचे खांदे सुटले, हे भलेच झाले. ओवीसाठी जाते परत आणावे असे ओवीवर प्रेम करणारा कोणी म्हणणार नाही. जे दळण टाळता येते ते टाळावे, दुसऱ्याचे हलके करता येते ते करावे. पण आजारपण, वियोग, म्हातारपण अशी काही दळणे कोणालाच चुकत नाहीत, आणि त्या वेळी गावे की मुकाट राहावे, एवढी निवड आपल्या हाती उरते. ती निवड लहान समजू नये. अंथरुणाला खिळलेल्या आईच्या उशाशी बसून कोणी रोज एक अभंग म्हणत असेल, तर तिचा आजार त्याने हटणार नाही. पण त्या खोलीत नुसता आजार आहे, असे मग कोणालाच म्हणता येणार नाही.