सही कोणाची, निर्णय कोणाचा?



मी पूर्वी सेवा करीत होतो त्या धर्मग्रामातील एका आजींना मधुमेहामुळे पाय चिघळल्याने मुंबईच्या इस्पितळात दाखल केले होते. संमतिपत्र इंग्रजीत आणि डॉक्टरांना मराठी येत नव्हते. मी भेटायला गेलो असता आजींना समजावण्याचे काम त्यांनी माझ्यावर सोपवले. ते म्हणाले, बोटे काढावी लागतील. जंतुसंसर्ग वर चढला असेल तर गुडघ्याखालून पायही. मी आजींना सांगितले, “लहानसे ऑपरेशन आहे. देवावर भरवसा ठेवा.” त्यांनी सही केली. शुद्धीवर आल्या तेव्हा पाय नव्हता.

त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “फादर, मी नको म्हटले नसते. पण आधी घरी जाऊन, अंगणातल्या क्रुसापाशी आपल्या पायांनी उभी राहून आले असते.”

मी दया केली असे मला वाटत होते. प्रत्यक्षात निर्णय मी घेतला आणि सही त्यांची घेतली. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एक जुने सूत्र पाठ केले होते : जे आधी कळत नाही, ते इच्छिता येत नाही. मग न समजलेल्या कागदावरची सही संमती कशी ठरेल? उपचारांचे स्वरूप, धोके व पर्याय यांची पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली संमतीच खरी, असे सर्वोच्च न्यायालयानेही २००८ साली म्हटले आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेनुसार ही माहिती रुग्णाला कळणाऱ्या भाषेत मिळाली पाहिजे.

सत्य ऐकून आजारी माणूस खचेल, ही भीती खोटी नाही. पण त्यावर उपाय म्हणजे हळुवारपणे सांगणे आणि सांगून झाल्यावर जवळ बसणे. गाळणे हा उपाय नव्हे.

मार्कच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू बहिऱ्या माणसाला गर्दीतून बाजूला नेतो. त्याच्या कानांना, जिभेला स्पर्श करतो आणि मगच ‘इप्फाथा’ म्हणतो. बरे करण्याआधी तो त्याच्याशी त्याला कळेल अशा खुणांनी बोलतो.

आज घरोघरी इंग्रजी शिकलेली मुले आहेत. आईवडिलांबरोबर इस्पितळात जाल तेव्हा डॉक्टरांचे सगळे बोलणे त्यांना सांगा, त्यांचे प्रश्न डॉक्टरांना विचारा, आणि उत्तर त्यांनाच देऊ द्या. इंग्रजी येत नसेल त्यांनी सही करण्यापूर्वी निःसंकोच म्हणावे, “मला मराठीत सांगा.” त्यात लाज कसली?

प्रभू आपले कान आणि आपली जीभ मोकळी करो.

आपला,
धर्मगुरू