गोदामाकडे काय सोपवावं

उद्याच्या पार्सलांना टेप लावून झाली असेल, तर लगेच उठू नका. तिथेच, पुस्तकांच्या थप्प्यांमध्ये, जमिनीवर थोडा वेळ बसा. गंगापूर रोडचा फ्लॅट असो, सिडकोतली खोली असो की जुन्या नाशकातला वाडा, जुनी पुस्तकं ऑनलाइन विकणाऱ्याच्या घरात अशी एक जागा असतेच. सुरुवातीला सगळा माल पलंगाखाली मावत होता. मग कपाट भरलं, मग गॅलरी. आता पाहुणा मुक्कामाला आला की त्याचं अंथरूण कुठे घालायचं, असा प्रश्न पडतो.

आज एक गोदामवाला तुमचा माल ठेवून घ्यायला तयार आहे. अंबडच्या बाजूला असेल, किंवा कसारा घाट उतरून भिवंडीला. ऑर्डर आली की तिथलाच माणूस पुस्तक काढणार, बांधणार, कुरिअरवाल्याला देणार. तुम्ही महिन्याचे पैसे भरायचे. हिशेब उद्या मांडू. आत्ता फक्त एवढंच पाहू या, की हे सगळं देऊन टाकताना नेमकं काय काय दिलं जाईल.

सगळ्यात वरचं पुस्तक हातात घ्या. कुठलंही चालेल. सावकाश उघडा. पहिल्या कोऱ्या पानावर कदाचित कुणाचं नाव असेल, खाली तारीख. शाळेतल्या बक्षिसाची चिठ्ठी असेल, किंवा एखाद्या वाचनालयाचा ‘रद्द’ असा जांभळा शिक्का. कण्यावरून बोट फिरवा. डिंक सुटलाय का? पानं चाळा, मधलं एखादं निसटलंय का बघा. समासात कुणीतरी पेन्सिलने रेघा ओढल्या आहेत, आणि एके ठिकाणी नुसतं प्रश्नचिन्ह काढलंय. कोपऱ्यावर कसर लागल्याची बारीक भोकं आहेत. नाकाशी धरा. ओल असेल तर वासावरून कळतं, फोटोत ती कधीच दिसत नाही.

एवढं सगळं पाहिलंत, म्हणून तुम्ही विक्रीला लावताना लिहू शकलात: कणा थोडा सैल, पेन्सिलच्या खुणा, पानं सगळी आहेत. सांगलीत, बेळगावात किंवा इंदूरला बसलेला वाचक त्या ओळीवर विसंबून पैसे पाठवतो. त्याने पुस्तक पाहिलेलं नसतं. त्याच्या वतीने तुम्ही पाहिलेलं असतं.

इथे जरा थांबा. तुमच्या धंद्यातली ही जागा अगदी नाजूक आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचीही.

आता डोळ्यांसमोर एक मोठं गोदाम आणा. छताला पत्रे, खाली उंच रॅक. नवीन पुस्तक तिथे येतं तेव्हा एका छापाच्या पाचशे प्रती येतात. पाचशे प्रतींना एकच कोड, एकच खण. काढणाऱ्याने कुठलीही उचलली तरी गिऱ्हाइकाला तेच मिळतं. तुमची पाचशे जुनी पुस्तकं मात्र पाचशे वेगळे माल आहेत. एकाच कादंबरीच्या एकाच आवृत्तीच्या दोन प्रती घेतल्या, तरी एकीचं वेष्टण शाबूत असतं आणि दुसरीवर चहाचा डाग असतो. प्रत्येक प्रतीला वेगळी चिठ्ठी, वेगळी नोंद, वेगळी जागा लागते. म्हणून गोदामवाला भाडं सांगेल तेव्हा ऐकून घ्या, पण प्रत्येक नग आत घेऊन नोंदवण्याचे किती घेणार, हे त्याला आवर्जून विचारा. जुन्या मालाचा बराचसा खर्च तिथेच दडलेला असतो.

त्या गोदामात काम करणाऱ्या माणसाचाही विचार करा. खांद्यावर स्कॅनर, समोर ऑर्डरींची यादी, आणि तासाला किती नग काढायचे हे आधीच ठरलेलं. तो तुमच्याइतका जीव लावणार नाही, असं चटकन मनात येतं. ते बाजूला ठेवा. तोही वाचणारा असेल. त्याच्या घरीही पुस्तकं असतील. पण पान उघडून बघायला लागणारा वेळ त्याच्या मजुरीत धरलेला नाही, आणि तो धरायचा झाला तर त्याचे पैसे तुम्हालाच द्यावे लागतील. ते देणार आहात का, हे स्वतःला विचारा. देणार नसाल तर त्याच्याकडून ती अपेक्षाही ठेवता येत नाही.

आता नजर फिरवून आपल्याच घराकडे बघा. मुलीचं अभ्यासाचं टेबल पुस्तकांखाली गेलंय. स्वयंपाकघरातून बाहेर येताना आईला अंग चोरून चालावं लागतं. कुणी तक्रार करत नाही, म्हणून त्यांना त्रास होत नाही असं समजू नका. हा धंदा तुमचा आहे, पण त्याचं गोदाम सगळ्यांच्या घरात आहे.

‘माझ्याजवळ आहे तोवर सुखरूप आहे’ हे वाक्य मनात असेल, तर तेही तपासून बघा. नाशिककराला हे समजावून सांगायला नको. २०१६ च्या आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरी कशी चढली ते आपण पाहिलंय. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर पाणी आलं यावरून सराफ बाजार आणि भांडी बाजारातले लोक पुराचा अंदाज बांधतात आणि माल हलवतात. सोनं धुऊन घेता येतं, पितळ घासता येतं. कागद भिजला की पानं एकमेकांना चिकटतात आणि बुरशी धरते. पूर दूरच राहिला, श्रावणातली भिंतीची ओल आणि एक वाळवीची रांग पुरेशी असते. तुमचा जीव त्या पुस्तकांत आहे हे खरं. पण तळमजल्यावरच्या थप्पीला त्याचा काही उपयोग होत नाही. जमिनीपासून हातभर उंच असलेला कोरडा रॅक तिला जास्त उपयोगी पडेल.

आणि पाठवण्याचं काय? ते तर तुम्ही कधीच दुसऱ्यांवर सोपवलं आहे. पार्सलवर सहा आकडे लिहिता आणि निर्धास्त होता. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी होते, आणि संस्कृतचे पंडित. पहिला आकडा विभागाचा, आणि शेवटचे तीन थेट वाटप करणाऱ्या टपाल कचेरीचे. ४२२००१ लिहिलं की देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातून पाकीट नाशकात येतं, आणि वाटेत कोणाकोणाचे हात लागले हे आपण विचारतसुद्धा नाही. टपालाची तिकिटं आपल्याच नाशिकरोडच्या छापखान्यात छापली जातात. अनोळखी माणसांवर टाकलेल्या विश्वासाचा छापील कागद आपल्या शहरात तयार होतो, हे मला नेहमी सुंदर वाटतं. १ मे २०२५ ला टपाल खात्याने पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ आणलं. सुरू झालं तेव्हाचे दर असे होते: तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोला १००, वर कर. जाणार जमिनीवरून, म्हणजे वेळ लागणार. जुनं पुस्तक मागवणारा वाचक बहुधा तेवढा दम धरतो. गोदामवाला हे टपाल वापरणार की फक्त महागडं कुरिअर, तेही विचारून घ्या.

नाशकातलंच एक काम इथे आठवून पाहा. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. पुस्तकांच्या पेट्या कुणाच्या तरी घरी ठेवायच्या, आसपासच्या लोकांनी वाचायच्या, काही महिन्यांनी पेटी बदलायची. पेट्या परदेशातही गेल्या. पुस्तकं ठेवण्याचं आणि पोचवण्याचं काम तिथेही दुसऱ्यांकडेच दिलेलं आहे. पण पेटी सांभाळणारा स्वतः तिच्यातली पुस्तकं वाचणारा असतो. तो त्यातलं पुस्तक उघडतो, कारण त्याला उघडायचं असतं. नगावर दर लावून हे विकत घेता येत नाही, आणि गोदामाकडून ते मागणंही बरोबर नाही. तेव्हा पाहण्याचं काम घरीच राहील, असं धरून पुढे जाऊ.

थोडा हिशेब आता मांडलाच पाहिजे, कारण या धंद्यात वाट पाहण्यालाही किंमत आहे. समजा, चाळीस रुपयांना घेतलेलं पुस्तक दीडशेला विकायचंय, टपालखर्च गिऱ्हाइकाचा, नोंदणीचा खर्च तूर्त बाजूला. गोदामवाला महिन्याला चार रुपये जागेचे आणि विकलं गेल्यावर काढून बांधायचे तीस रुपये घेतो. पहिल्याच महिन्यात गेलं तर शहात्तर रुपये उरतात. दीड वर्षाने गेलं तर आठ. आणि जुन्या पुस्तकाला त्याचा एकुलता एक वाचक भेटायला दीड वर्ष सहज लागतं. गावच्या इतिहासाचं पातळ पुस्तक, बंद पडलेल्या मासिकाचा विशेषांक, असं काही घरच्या कोपऱ्यात फुकट वाट पाहू शकतं. गोदामात ते दर महिन्याला स्वतःलाच खात बसतं.

याच्या उलट काही पुस्तकं भराभर जातात आणि त्यांच्या प्रतीही खूप असतात. ‘श्यामची आई’, ‘मृत्युंजय’, शाळेची क्रमिक पुस्तकं, स्पर्धा परीक्षांचे संच. संचांना तर वेळेत हलवणंच बरं. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आणि जुन्या बहुपर्यायी प्रश्नांच्या पुस्तकांचा भाव कसा उतरला, ते तुम्ही अनुभवलं असेल. असा माल घरी अडकवून ठेवण्यात काही अर्थ नाही. (पुस्तकांसोबत पैठण्या किंवा पितळी भांडी विकत असाल आणि जीएसटीची नोंदणी असेल, तर गोदामाचा पत्ता नोंदणीत व्यवसायाची अतिरिक्त जागा म्हणून जोडावा लागतो. हे आधी करून घ्या.)

आता पुन्हा थप्प्यांकडे बघा. प्रत्येकीवर हात ठेवून विचारा: ही भरभर जाणारी, की थांबणारी? हिच्यातली एक प्रत दुसरीच्या जागी चालेल का? उत्तर आपोआप येईल, आणि काही थप्प्यांच्या बाबतीत ते तुम्हाला आवडणार नाही. तरी ते कागदावर लिहा.

करारावर सही करण्याआधी गोदाम पावसाळ्यात एकदा बघून या. परत आलेलं पार्सल तिथे न उघडता थेट तुमच्याकडे यावं, अशी अट घाला. आणि एकुलती एक प्रत हरवली तर भरपाई कशी देणार, ते विचारा. तुम्ही लावलेल्या किमतीने, की रद्दीच्या भावाने किलोवर? त्याचं उत्तर लेखी घ्या. पहिल्या खेपेला फक्त परीक्षेचे संच आणि जास्त प्रती असलेल्या कादंबऱ्या जाऊ द्या, म्हणजे मुलीचं टेबल मोकळं होईल. दिवाळी अंकांचा गठ्ठा एवढ्यात हलवू नका. त्यातल्या बऱ्याच अंकांचं वर्णन तुम्ही अजून लिहिलेलंच नाही.