जिंजातल्या पाट्या

युगांडातल्या जिंजा गावाजवळ व्हिक्टोरिया सरोवर संपतं आणि नाईल सुरू होते. पर्यटकांनी तिथं नावेत बसायचं, नदीच्या उगमाच्या फलकापाशी फोटो काढायचा, संध्याकाळी तळलेली तिलापिया खायची. मीही हेच केलं. काठावर गांधीजींचा अर्धपुतळा आहे. १९४८ मध्ये त्यांच्या रक्षेचा काही भाग या पाण्यात सोडला होता. आमच्या बंगळुरूच्या गटातल्या सगळ्यांनी, कुणी न सांगता, पुतळ्यासमोर चपला काढल्या.

अडचण झाली ती मेन स्ट्रीटवर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुन्या दुमजली इमारती, खाली दुकानं, वर व्हरांडे, आणि माथ्यावर सिमेंटमध्ये उठवलेली नावं व बांधकामाची सालं. नावं बहुतेक गुजराती. गाइड म्हणाला, "हे सगळं तुमच्या लोकांनी बांधलं." मला बरं वाटलं. बंगळुरूत हेच लोक मला 'ते शेठजी' वाटले असते. विषुववृत्तापाशी ते अचानक माझे झाले.

१९७२ च्या ऑगस्टमध्ये इदी अमीननं या लोकांना नव्वद दिवसांची मुदत दिली. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसं एकेक पेटी घेऊन विमानात बसली. तो अन्याय होता, त्यात 'पण' घालायला जागा नाही. मी हळहळ व्यक्त केली तेव्हा गाइड थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "माझी आजी कापूस घेऊन यायची. ती पायरीपर्यंत जायची. तराजू आत असायचा."

इंग्रजांच्या व्यवस्थेत जिनिंगचे कारखाने प्रामुख्यानं युरोपीय आणि हिंदी लोकांच्या हाती होते. कापूस पिकवणाऱ्याच्या हाती फक्त कापूस. ही रचना दुकानदारांनी केली नव्हती, हे खरं. तिच्यात ते मजेत राहिले, हेही खरं. आणि अमीननं दुकानं काढून घेतली ती बहुतांशी त्याच्या मर्जीतल्या माणसांना, लष्करवाल्यांना मिळाली. आजी पायरीवरच राहिली. एक अन्याय दुसऱ्यानं फिटत नाही, एवढं तरी तिच्या बाजूनं दिसतं.

माझा प्रश्न लहान आहे. इमारतीवरचं नाव वाचून अभिमान वाटत असेल, तर आतला तराजूही माझा मानायला हवा की नको? 'मी तेव्हा नव्हते' हे उत्तर तराजूसाठी चालतं, मग अभिमानासाठी का चालत नाही?

बंगळुरूत मला सव्वीस वर्षं झाली. भाजी घेण्यापुरतं कन्नड येतं. आमच्या मराठी कार्यक्रमांत कुणी ना कुणी शहाजीराजांची आठवण काढतंच: सतराव्या शतकात हे शहर त्यांच्या जहागिरीत होतं, म्हणजे आपण इथं उपरे नाही. मीही टाळ्या वाजवल्या आहेत. पण जहागीर म्हणजे सारा वसूल करायचा हक्क. आपलेपणाचा दाखला म्हणून ती पुढे करणं म्हणजे सिमेंटमधल्या त्या नावासारखंच झालं. (हे मी एका स्नेह्यांना म्हटलं. ते आता फोन कमी करतात.)

परत आले त्या सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत एक स्टीलचा पेला पालथा घातलेला दिसला. आमच्याकडे काम करणाऱ्या बाईंचा. बारा वर्षं तो तिथंच आहे. तो वेगळा ठेवावा असं घरात कुणी कधी म्हटलं नाही, तो शेल्फावर ठेवावा असंही कुणी म्हटलं नाही. मी तो धुऊन आमच्या पेल्यांत ठेवला आणि त्यांना चहा आमच्यातल्याच एका कपात दिला. त्यांनी कप हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं. "यारदु, अक्का?" — कुणाचा हा?

"तुमचाच," मी माझ्या मोडक्या कन्नडात म्हटलं.

चहा पिऊन त्यांनी कप विसळला, शेल्फावर ठेवला. मग आपला पेला शोधून काढला आणि खिडकीत पालथा घातला.