शेंगेवरची लव

धारूरजवळ बालाघाटाच्या उतारावर आमच्या मामांची चार एकर जमीन. पूर्वी तिथं ज्वारी, करडई आणि तूर व्हायची. आता खरिपाला सगळं सोयाबीन. मृगात पेरायचं, दसऱ्याच्या आगेमागे काढायचं आणि मळणी झाली की पोती थेट आडतीवर. तिथून पुढं तेल निघतं आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते, एवढं मामांना ठाऊक. घरात दाणाही उरत नसे.

भादव्यात मामा-मामी पुण्याला लेकीकडं गेले. लेकीनं दूध-तूपसुद्धा सोडलेलं. तिनं दोघांना एका हॉटेलात नेलं. तिथं जपानी, थाई, चिनी पदार्थ मिळायचे आणि सगळे वनस्पतिजन्य.

"इथं आपण काय खावं गं?" मामी हळूच म्हणाल्या.

पहिली ताटली आली ती मीठ लावून उकडलेल्या हिरव्या शेंगांची. वाढणारा मुलगा म्हणाला, "काका, टरफल खायचं नसतं, फक्त..." तोवर मामांनी शेंग उचलली होती. बोटांना बारीक लव लागली. ही लव त्यांना अंधारातही ओळखू आली असती.

"अगं, हे तर आपलं सोयाबीन!"

"जपानी लोक याला एडामामे म्हणतात," लेक म्हणाली. "म्हणजे फांदीवरचा दाणा."

मामांनी भुईमुगाच्या उकडल्या शेंगेसारखी ती दातांत धरून दाबली. दाणा गोडसर लागला. वीस वर्षं पिकवलेल्या पिकाची चव त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

मग नारळाच्या दुधातली थाई करी आली. पांढऱ्या वड्या बघून मामींना ते पनीर वाटलं. "टोफू आहे तो," लेक म्हणाली. "सोयाबीन भिजवून वाटायचं, गाळायचं, उकळून नासवायचं." थायलंडमध्ये या करीत मासळीचा आंबवलेला रस घालतात. इथं त्याऐवजी जो काळा रस होता, तोही सोयाबीन आंबवूनच केलेला.

मामांनी चमचा खाली ठेवला. दोन वर्षांपूर्वी मामींना अशक्तपणा आला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सकस खायला सांगितलं होतं. सोयाबीनच्या पट्टीचे पैसे हातात होते. त्यातून मामांनी पावडरीचा महागडा डबा आणला होता.

"त्या डब्यात काय होतं गं?"

"सोयाबीनच होतं, बाबा. दाण्यात शंभराला चाळीस भाग प्रथिनं असतात."

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला त्या गप्प बसण्याचं फार वाईट वाटतं. पिकाचा भाव, खत, कीड हे सगळं सांगणारं कुणी ना कुणी त्यांना भेटलं होतं. हे ताटात घ्या, असं मात्र कुणीच सांगितलं नव्हतं.

घरी परतले तेव्हा रानात शेंगा अजून हिरव्या होत्या. मामींनी दोन ओळींतल्या शेंगा तोडून मोठ्या पातेल्यात उकडल्या. कच्च्या खायच्या नाहीत, हे लेकीनं बजावलेलं. शेजारच्या ऊसतोड्यांची लेकरं अंगणात जमली. टोळ्या निघायला अजून अवकाश होता. पातेलं बघता बघता रिकामं झालं.

काढणीनंतर टोफूही झाला. पहिल्यांदा उग्र वास आला. दुसऱ्या खेपेला मामींनी दाणे रातभर भिजवले, दूध चांगलं उकळलं आणि लिंबू पिळून नासवलं. वड्या येसराच्या कालवणात घातल्या, चोथा थालीपिठात.

आडतीवर पोती मोजून झाली. आडत्यानं वहीतून मान वर केली.

"अण्णा, एक पोतं कमी आहे यंदा."

"व्हय," मामा म्हणाले. "घरी लागतंय."